दृक्-तंत्रिका आघात
दृक्-तंत्रिका आघात : दृष्टिपटलाकडून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या तंत्रिकेस डोक्याला, विशेषतः भुवईपाशी, मार लागल्याने होणारी इजा. सुमारे १ सेंमी. लांबीच्या अस्थिमय नालिकेत ही तंत्रिका जखडलेली असते. तेथे सूज आल्यास दाब पडून रक्तपुरवठा खुंटतो. डोळा बाहेरून धड दिसूनही दृष्टी जाते. नाकावाटे दुर्बीण घालून नालिकेची भिंत काढल्यास दाब कमी होतो. तथापि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत शस्त्रक्रिया किंवा स्टेरॉइडे यांचा नुसत्या निरीक्षणाहून निश्चित लाभ आढळला नाही. काही रुग्णांची दृष्टी उपचारांविनाही सुधारते. तुटलेले तंतू मात्र पुन्हा जुळत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय रुग्णागणिक, तिचे धोके जोखूनच घ्यावा लागतो.