मिश्र जातीचे पिलू घरी आणताना

भूतयज्ञात श्वानासाठीही बलिभाग काढण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. श्रीदत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान आहेत आणि खंडोबाच्या सान्निध्यातही कुत्रे असतेच. असे असूनही घरात कुत्रे आणण्याची गोष्ट निघाली की आपण पाहतो ते बहुधा केवळ त्याचे रूप! हल्ली मिश्र जातीच्या, म्हणजे आईबाप भिन्न जातींचे असलेल्या, पिलांची हौस खेड्यांतही दिसू लागली आहे. या हौसेस आमचा विरोध नाही. मात्र कुत्रे दहा-बारा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते, आणि तेवढा काळ सांभाळावयाचा जीव घटकाभराच्या मोहाने निवडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावी राहणारे एखादे एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, अंगणात वासरे-शेळ्या असतात, पोरांची वर्दळ असते. अशा घरी दाट लोकरीच्या परदेशी जातीचा संकर उन्हाने हैराण होणार, हे उघड आहे. कारवान जातीचा सडपातळ शिकारी कुत्रा आपल्या दख्खनचाच, आणि त्याच्या संकरास ऊनही सोसते. परंतु पळत्या प्राण्यामागे धावणे त्याच्या रक्तात असते, हे शेळ्या पाळणाऱ्याने विसरू नये. तेव्हा कुत्रे राखणीस हवे की सोबतीस, आणि ते कोठे राहणार, हे आधी ठरवावे.

संकरित पिलू शुद्ध जातीच्या पिलापेक्षा हटकून निरोगी असते, असा एक समज आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. लॅब्रॅडॉर आणि अल्सेशियन या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो. दोहोंचा संकर केल्याने तो नाहीसा होत नाही. शिवाय एकाच वेतातील भावंडांपैकी एक आईच्या वळणावर, तर दुसरे बापाच्या वळणावर जाते. दीड महिन्यांच्या गुबगुबीत पिलाकडे पाहून ते पुढे केवढे होईल आणि कसे वागेल, हे सांगता येत नाही. म्हणून पिलाआधी त्याची आई पाहावी. शक्य असल्यास बापही पाहावा. आई परक्या माणसास पाहून थरथरत असेल किंवा अकारण अंगावर येत असेल, तर तेथूनच परतावे. जो विक्रेता आई दाखविण्याचे टाळतो, त्याच्याशी व्यवहार करू नये.

वयाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालील पिलू विकण्यास मनाई असून, विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. आई आणि भावंडे यांच्या सहवासातच पिलू चावा आवरण्याचा पहिला धडा शिकते. लवकर तोडलेल्या पिलाच्या ठिकाणी पुढे भित्रेपणा व चिडखोरपणा येण्याचा धोका असतो. निवडताना पिलाचे डोळे व कान स्वच्छ आहेत ना, चाल सरळ आहे ना, पोट जंतांनी फुगलेले नाही ना, हे पाहावे; टाळी वाजविताच ते कुतूहलाने वळले तर उत्तम.

घरी आणल्यावर एक-दोन दिवसांतच ते पशुवैद्यास दाखवावे. जंताचे औषध व पार्व्हो आदी रोगांवरील लसी त्यांच्या सल्ल्याने द्याव्यात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास द्यावी आणि पुढे ती वेळच्या वेळी द्यावी. या बाबतीत ढिलाई नको. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. उलट वेळीच घेतलेल्या लसीने मृत्यू टळतो. कुत्रे घरचे असो वा रस्त्यावरचे, ते चावले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे, हे घरातील प्रत्येक मुलास ठाऊक असले पाहिजे.

आता आपल्या घरांपुरते थोडेसे. केवळ दूधभातावर पिलाची हाडे भरत नाहीत. त्यास प्रथिने व चुना पुरेसा लागतो. शाकाहारी घराने त्याच्या आहाराचा विचार पशुवैद्याच्या सल्ल्याने आधीच करावा. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट त्यास मुळीच देऊ नये. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न असेल तर आजीआजोबांशी मोकळेपणी बोलून कुत्र्याची जागा ठरवावी. मागाहून तंटे झाले की त्याची शिक्षा मुक्या जीवास भोगावी लागते. एकत्र कुटुंबात 'सर्वांचे' म्हणून आणलेले कुत्रे पुष्कळदा कोणाचेच राहत नाही. यास्तव त्याचे पाणी, फिरणे व लसीची तारीख कोणी पाहावयाची, हे नावानिशी ठरलेले असावे, आणि ते नाव केवळ शाळकरी मुलाचे नसावे.

एवढी सिद्धता झाली की पैसे देऊनच पिलू आणले पाहिजे, असेही नाही. थंडीच्या दिवसांत गावोगावी कुत्र्या वितात आणि त्यांतील कितीतरी पिले वर्षाच्या आत मरतात. या मातीतले, आपल्या उन्हापावसास सरावलेले गावठी पिलू योग्य वयाचे पाहून घरी आणले आणि त्याचे लसीकरण व पुढे नसबंदी करून घेतली, तर राखणदारही मिळतो आणि एक जीवही वाचतो. विकत घ्यावयाच्या पिलाची चौकशी करण्यापूर्वी आपल्याच आळीत एक फेरी मारून पाहावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.