वाळ्याचा वास कुठे जातो?

वाळा आपल्या वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? अकोला-अमरावतीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. मग दाराला वाळ्याची ताटी लागते, माठात वाळ्याची जुडी पडते. वाळा म्हणजे एका गवताची मुळी. त्या गवताच्या पात्याला वास नाही. सगळा वास मुळीत.

वास म्हणजे तरी काय? मुळीच्या सालीआड डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कोठ्या असतात. त्यांत तेल असते. ते थोडे थोडे हवेत उडते आणि आपल्या नाकाला लागते. शंभर किलो वाळलेल्या मुळ्यांतून तेल निघते किलोभर, पुष्कळदा त्याहूनही कमी. अत्तरवाला पैसे मोजतो ते या तेलाचे.

मुळ्या खणल्या, धुतल्या, की वाळवाव्याच लागतात. ओल्या बांधून ठेवल्या तर बुरशी चढते. वजन भरेल म्हणून काही जण ओल्याच विकायला नेतात. पण घेणारा काही आंधळा नसतो.

मग कडक उन्हात पसराव्या का? इथेच पुष्कळांची फसगत होते. अंगणभर घमघमाट सुटतो. घरची माणसे म्हणतात, "काय वास आहे!" अहो, पण तो वास आला कुठून? मुळीतूनच ना? जेवढा अंगणात गेला, तेवढा मुळीतून गेला. तो परत यायचा नाही.

वाळ्याचे तेल जड आहे. ते पाण्यापेक्षा सावकाश उडते. सावलीत, वाऱ्यावर पाणी आधी निघून जाते आणि तेल बरेचसे मागे राहते. उन्हाच्या तापाने मात्र पाण्याबरोबर तेलही जाऊ लागते.

म्हणून आम्ही सांगतो, मुळ्या ओसरीत किंवा छपराखाली पातळ पसराव्या. खालची जमीन कोरडी हवी. अधूनमधून उलथाव्या. तुकडे आधी करू नयेत; तुकडे केले की कोठ्या उघड्या पडतात. तेल लगेच काढायचे तर एक-दोन दिवसांची सावली पुरे. साठवायच्या असतील तर आणखी वाळवाव्या.

अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ झाले. तिथे नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. वाळा लावायचा विचार असेल तर तिथे जाऊन विचारावे.

घरात मागच्या वर्षीची ताटी असेल तर तिच्यावर पाणी मारून पाहा. वास येतो, पण पहिल्यासारखा नाही. तिचे तेल गेल्या उन्हाळ्यातल्या झळांनी रोज थोडे थोडे नेलेले असते.