पोराचा नंबर कुठे लागेल? बारावीनंतरच्या प्रवेशाचा हिशेब
— ऊस विकास अधिकारी



२०२४ साली बुलढाण्याला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. पहिल्या वर्षाला १०० जागा. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तेव्हापासून शिवारात फिरताना एक वाक्य आमच्या कानावर वारंवार येते : "साहेब, आता कालेज घरीच आलं, आपल्या पोरीचा नंबर लागूनच जाते." बांधावर उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही. म्हणून या अंकात उसाचा विषय बाजूला ठेवला आहे. खोडव्याच्या खताचे पुढच्या अंकात पाहू.

आधी त्या १०० जागांचाच हिशेब करू. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय यादीतून भरतात. राहिल्या ८५. त्या राज्याच्या यादीतून भरतात, जिल्ह्याच्या नव्हे. कोल्हापूरचा मुलगा बुलढाण्याला येऊ शकतो. पूर्वी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग होते व ७० टक्के जागा त्या त्या विभागातील मुलांना राखून असत. ही पद्धत सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केली. शिवाय ८५ मध्ये आरक्षणाच्या जागा निराळ्या. तेव्हा कॉलेज घराजवळ आले, नंबर मात्र जवळ आला नाही. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. कोल्हापूरचा मुलगा इथे येतो, तशी आपली मुलगीही कोल्हापूरला, मिरजेला, धुळ्याला जाऊ शकते. ज्याने फक्त बुलढाणा आणि अकोला एवढेच डोक्यात धरले, त्याने आपली अर्धी संधी आपणच घालवली.

आता टक्केवारीकडे वळू. पालकांच्या मनात अजून जुना हिशेब बसला आहे : बारावीला किती टक्के पडले त्यावर नंबर. आज बारावीचे गुण बहुतेक ठिकाणी फक्त दारातून आत जाण्यापुरते लागतात. इंजिनिअरिंगला खुल्या वर्गाला त्या विषयांत ४५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के असले की पात्रता झाली. पुढची रांग सीईटीवर लागते. मेडिकलची रांग नीटवर. काट्यावर टनेज भरपूर भरले तरी उतारा वेगळाच निघतो, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

सीईटीच्या निकालपत्रावर 'पर्सेंटाईल' असा आकडा असतो. तो टक्के नव्हे. ९० पर्सेंटाईल म्हणजे १०० पैकी ९० गुण नव्हेत, तर शंभर मुलांत साधारण नव्वद मुले तुमच्या मागे आणि दहा पुढे. समजा परीक्षेला ३ लाख मुले बसली, तर ९० पर्सेंटाईलवाल्याच्या पुढे ३० हजार मुले उभी आहेत आणि ९९ वाल्याच्या पुढे ३ हजार. पेढे वाटण्याआधी एवढा गुणाकार घरी करून पाहावा. आमच्या गटातील एका सभासदाने ८८ पर्सेंटाईलच्या मुलासाठी पुण्याच्या सर्वांत जुन्या कॉलेजाशेजारी खोली बघून ठेवली होती. मुलगा हुशार आहे, यात शंका नाही. पण १८५४ सालचे ते कॉलेज (२०२२ पासून त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे), मुंबईचे १८८७ सालचे व्हीजेटीआय, माटुंग्याची १९३३ सालची रसायन तंत्रज्ञानाची संस्था, इथे साऱ्या महाराष्ट्रातली वरच्या रांगेतली मुले उतरतात.

मग आपल्या मुलांनी तिकडे पाहूच नये काय? जरूर पाहावे, पण अकरावीपासून. सीईटीचा गणित गटाचा पेपर २०० गुणांचा. त्यात भौतिक ५०, रसायन ५० आणि गणित एकट्याचे १००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न साधारण ८० टक्के बारावीचे आणि २० टक्के अकरावीचे. म्हणजे ज्याचे गणित पक्के, त्याचे अर्धे काम झाले. नीटमध्ये तेच स्थान जीवशास्त्राला आहे : १८० प्रश्नांपैकी ९०. तिथे मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो आणि अकरावीचा अभ्यासक्रमही पूर्ण असतो. आपल्याकडे अकरावीला आरामाचे वर्ष समजतात. लागवडीलाच गॅप पडल्या तर पुढे कितीही युरिया टाकला तरी एकरी टनेज येत नाही, तसाच हा प्रकार.

भाषेची भीतीही पुष्कळ आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठीत दहावी झालेले लेकरू अकरावी सायन्सच्या वर्गात एकदम इंग्रजीत पडते आणि वर्षभर गप्प बसते. नीट आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षा मराठीतून देता येतात. सीईटीत भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीत घेता येतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच असतात. आयआयटीची पुढची परीक्षा, जेईई अॅडव्हान्स्ड, फक्त इंग्रजी आणि हिंदीत. तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलाने निदान गणिताचे इंग्रजी शब्द दहावीच्या सुट्टीतच पाठ करून घ्यावेत. दोन महिन्यांचे काम आहे.

जेईई मेनचा उल्लेख आला म्हणून नागपूरच्या व्हीएनआयटीबद्दल सांगतो. १९६० साली निघालेली ही संस्था आता राष्ट्रीय दर्जाची आहे. पण तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्या मुलांना असतात. आयआयटीत असा राज्याचा वाटा नाही. आयआयटी हुकली म्हणून जेईईचे गुण वाया गेले असे समजून कपाटात ठेवणारे पालक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी नागपूरचा अर्ज भरायला हवा होता.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. नंबर कुठे लागेल याचा अंदाज ज्योतिषाला विचारावा लागत नाही. सीईटी कक्ष दरवर्षी प्रत्येक फेरीच्या कटऑफ याद्या प्रसिद्ध करतो. कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, कोणत्या प्रवर्गाचा शेवटचा मुलगा किती पर्सेंटाईलला लागला, सगळे त्यात असते. यादीतील अक्षरे पाहून लोक दचकतात, पण ती सोपी आहेत. पहिले अक्षर 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींची जागा. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे अक्षर 'एच' म्हणजे त्या कॉलेजच्या विद्यापीठ क्षेत्रातील मुलांची जागा, 'ओ' म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातील मुलांची आणि 'एस' म्हणजे सबंध राज्याची. आपला जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. जिथे क्षेत्राप्रमाणे जागा वाटल्या जातात तिथे क्षेत्रातील मुलांचा वाटा मोठा असतो. शेगावचे १९८३ सालचे इंजिनिअरिंग कॉलेज असो की या विभागातील दुसरे कोणते, आपल्या मुलाने आपल्याच ओळीतला आकडा पाहायचा. शेजारच्याच्या मुलाचा पाहून उपयोग नाही, त्याचा प्रवर्ग निराळा असेल. मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की अंदाज बराच पक्का होतो.

पर्याय भरताना क्रम मनाच्या आवडीने लावावा, भीतीने नव्हे. वरती मोठे कॉलेज टाकले म्हणून खालचे हातचे जात नाही. परंतु पहिल्या क्रमांकावर टाकलेला पर्याय मिळाला की ती जागा पक्की होते, मग "पुढच्या फेरीत बघू" चालत नाही. त्यामुळे पहिला पर्याय विचार करून टाकावा आणि यादी लांब करावी. पाच-सात नावे भरून मोकळे होणारे फार. आणि कृपा करून हे काम नेट कॅफेवाल्या पोराच्या गळ्यात टाकू नका. त्याला गिऱ्हाईके पन्नास. पासवर्ड आणि ओटीपी त्याच्याकडे, आणि आपण ऊस भरायला गेलेलो, ही तऱ्हा बरी नव्हे.

मुलांपेक्षा कागदच जास्त मागे पडतात. मागच्या हंगामात एका मुलीला तिच्या प्रवर्गातून चांगले कॉलेज मिळाले. जातीचा दाखला होता, वैधता नव्हती. मुदत संपली आणि ती जागा गेली. जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. नॉन क्रिमीलेअर दाखल्यावरची तारीख पाहा. तो त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा. ईडब्ल्यूएसचा दाखला दर वर्षी नवा लागतो. तहसीलला जून महिन्यात कशी गर्दी असते ते सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल-मे मध्ये जा.

कृषी पदवीला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ सालचे. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या प्रवेशात शेतजमीन असलेल्या घरातील उमेदवाराला गुणांत अधिभार देण्याची पद्धत आहे, त्यासाठी सातबारा जोडावा लागतो. आपल्याकडे सातबारा असून तो न जोडणे म्हणजे नोंद न करता ऊस उभा करण्यासारखे आहे. आजोबांच्या नावावर जमीन असेल तर कोणते कागद लागतील, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

शिकवणीसाठी किंवा डोनेशनसाठी जमीन काढण्याचा विचार करणारे आहेत, हे आम्हाला माहीत आहे. त्यांनी आधी हे पाहावे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची सवलत मिळते. अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. भाऊसाहेब स्वतः अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या शेतकरी घरातून पुण्याला फर्ग्युसनमध्ये आणि तिथून विलायतेला शिकायला गेले होते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी प्रवर्गातील, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली. ही माफी सरकारी प्रवेश फेरीतून गेलेल्यांना आहे. मॅनेजमेंटच्या जागेवर गेलात तर ती विसरा.

नीट पुन्हा द्यावी काय, असे पुष्कळ जण विचारतात. आमचे मत असे : पहिला खोडवा ठेवण्यासारखा असतो, लागण चांगली उगवली असेल तर. मुलगी कटऑफच्या जवळ येऊन थांबली असेल तर एक वर्ष द्यावे. दोनशे गुण मागे असेल तर शेत मोकळे करून दुसरे पीक घ्यावे. तिसऱ्या खोडव्याचे काय होते ते आपण जाणताच.

आणि दहावीनंतर डिप्लोमाचा रस्ता आहेच. खामगावला सरकारी तंत्रनिकेतन आहे. तिथून डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, सीईटी न देता. आम्ही स्वतः शेतकी पदविकेचे, तेव्हा हा रस्ता कमी प्रतीचा आहे असे आमच्यासमोर कोणी बोलू नये.

मागील तीन वर्षांच्या कटऑफ याद्यांपैकी आपल्या विद्यापीठ क्षेत्रातील कॉलेजांची पाने गट ऑफिसात काढून ठेवली आहेत. शनिवारी दुपारी ३ नंतर यावे. येताना मुलाचे निकालपत्र, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणावा, आणि मुलालाही बरोबर आणावे.