तापीकाठचे बुऱ्हाणपूर : तीन मोसम, तीन सफरी

शाळांना सुटी लागली की खानदेशातल्या घरांत सफरीची चर्चा सुरू होते आणि ती बहुधा मुंबई किंवा सुरतेवर येऊन थांबते. मुलांना पाणी पाहायचे असते, मोठ्यांना बाजार. पण पाणी आणि बाजार, शिवाय पाचशे वर्षांचा इतिहास, हे सारे जिथे एका दिवसात पाहता येते, असे एक शहर आमच्या धरणगावपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेही आमच्याच तापीच्या काठावर. हे शहर म्हणजे बुऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात मोडत असले, तरी एके काळी आपल्या खानदेशची ती राजधानी होती.

आम्ही घरची मंडळी या शहरी पावसाळ्यात, थंडीत आणि उन्हाळ्यात अशी तीनदा जाऊन आलो. तिन्ही वेळा शहर निराळे दिसले. कारण हे शहर पाण्याच्या हिशेबाने वसलेले आहे आणि पाणी तर दर मोसमात आपले रूप बदलते. म्हणून कोणत्या मोसमात काय पाहावे, हे वाचक भगिनी-बंधूंसाठी इथे सांगत आहोत.

थोडा इतिहास

फारुकी घराण्याची सुरुवात तापीकाठीच झाली, धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला. घराण्याचा संस्थापक मलिक राजा याची कबरही तिथेच आहे. त्याचा मुलगा नासिर खान याने पंधराव्या शतकाच्या आरंभी तापीच्या उत्तर काठावर नवे शहर वसवले आणि खुलदाबादचे सूफी हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) यांचे नाव त्याला दिले. नदीपलीकडच्या वस्तीला त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन (रह.) यांच्या नावावरून जैनाबाद म्हणू लागले. अकबर बादशहाने 1601 मध्ये असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले. पुढे मुघलांच्या दख्खन मोहिमांचे हे मोठे ठाणे झाले. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता थाळनेर, चोपडा असा तापीच्या खोऱ्यातूनच जात असे. सतराव्या शतकात धरणगावात इंग्रजांची वखार होती, तीही याच कापडाच्या व्यापारासाठी. बुऱ्हाणपूरची तलम मलमल तेव्हा इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असे. आज मलमल नाही, पण मोहल्ल्यांतून फिरताना यंत्रमागांची खडखड ऐकू येते.

पावसाळा : किल्ल्यावरून तापी

जुलै ते सप्टेंबर हा नदी पाहण्याचा काळ. त्यासाठी शाही किल्ल्यासारखी दुसरी जागा नाही. नदीच्या कडेला उंच उभ्या असलेल्या या महालाच्या सज्जांतून खाली तापीचे गढूळ, भरलेले पात्र दिसते. किल्ल्यातला शाही हमाम आवर्जून पाहावा. त्याच्या छतावरची रंगीत नक्षी आजही बरीचशी शाबूत आहे. हमामात गार आणि ऊन पाण्याची सोय कशी केली होती, हे मुलांनी हौद आणि नळ शोधत स्वतः ओळखावे.

राजघाटासमोर नदीत खडकाचा कोरलेला एक हत्ती आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथून गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने त्याचा उल्लेख केला आहे. पुरात तो पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरले की पुन्हा डोके वर काढतो. पावसाळ्यात मात्र घाटाच्या पायऱ्या उतरण्याचा मोह टाळावा. शेवाळ असते, आणि वरच्या भागात पाऊस झाला की पाणी पाहता पाहता चढते. मुलांचा हात सोडू नये.

हिवाळा : असीरगड आणि पक्षी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वडीलधाऱ्यांना घेऊन जाण्याचा काळ. शहराच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड आहे. दख्खनचा दरवाजा अशी त्याची ख्याती होती. चढ दमवणारा आहे, म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना शहरातच थांबू द्यावे. गडावर फारुकी काळातली मशीद आहे, महादेवाचे मंदिर आहे आणि पाण्याची तळी आहेत. एवढ्या उंचीवर फौजेला पाणी कुठून मिळे, याचे उत्तर त्या तळ्यांत आहे.

शहरात उतावळी नदीच्या काठी शाहनवाज खानाचा मकबरा आहे. हा अब्दुर्रहीम खानखानाचा थोरला मुलगा. काळ्या दगडामुळे लोक या मकबऱ्याला काळा ताजमहाल म्हणतात. थंडीतल्या कोवळ्या उन्हात तिथे तासभर बसावेसे वाटते. दाऊदी बोहरा समाजाची दरगाह-ए-हकीमी हीसुद्धा शांत आणि स्वच्छ जागा आहे. तिथले नियम आधी विचारून घ्यावेत.

मोटारीने जाणाऱ्यांनी परतताना वाट थोडी वाकडी करावी. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव इथे तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे आणि पुढे हतनूर धरणाचा जलाशय. थंडीत इथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. दुर्बीण असेल तर सोबत घ्यावी आणि आवाज कमी ठेवावा.

उन्हाळा : जमिनीखालचे पाणी

मे महिन्यात बुऱ्हाणपूरचे ऊन आपल्या जळगावइतकेच कडक. तरी आम्हाला तीन सफरींत सर्वांत जास्त शिकवून गेली ती उन्हाळ्यातलीच. फजरनंतर निघावे, अकराच्या आत उघड्यावरची ठिकाणे संपवावीत आणि मग कुंडी भंडारा गाठावा.

1615 च्या सुमारास, खानखाना सुभेदार असताना, शहरासाठी ही पाण्याची व्यवस्था उभी राहिली. सातपुड्यात पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून तापीकडे उतरत असतो. तो वाटेतच अडवून भुयारी पाटांतून शहराकडे वळवला. पाटावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या बांधल्या. हवा खेळावी, गाळ काढता यावा आणि लोकांना पाणी शेंदता यावे, म्हणून. उताराने वाहणाऱ्या या पाण्याला ना मोट लागते ना मोटर. ही विद्या इराणची. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. एका कुंडीत लिफ्ट बसवलेली आहे आणि सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येते. ती चालू आहे का, याची आधी चौकशी करावी. वर धरती भाजत असते आणि खाली गार, स्वच्छ पाणी वाहताना दिसते.

त्याच पाटांच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले दिसतात. त्यांनी वाट अरुंद होत चालली आहे. परिसरात बोअरवेल वाढल्या तसे मुरलेले पाणी आधीच उपसले जाऊ लागले. चारशे वर्षे चाललेली गोष्ट आपल्या एका-दोन पिढ्यांत आटू शकते. नळाला पाणी किती दिवसांनी येणार, हा ज्या गावांत रोजचा प्रश्न आहे, तिथल्या मुलांना हे दाखवायलाच हवे. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण मक्तबात ऐकतो. तिचा अर्थ इथे डोळ्यांना दिसतो.

दुपारी जामा मशिदीत जोहरची नमाज अदा करून थोडा विसावा घ्यावा. राजा अली खान फारुकी याने बांधलेल्या या मशिदीला दर्शनी पंधरा कमानी आहेत आणि दगडी गारवा आहे. आत अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख आहे, 1590 सालचा. तो मुलांना नक्की दाखवा.

उन्हे उतरल्यावर तापीपलीकडे जैनाबादेत आहूखान्याकडे जावे. 17 जून 1631 रोजी बेगम मुमताज महल हिचे बुऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात निधन झाले. तिला आधी इथेच दफन केले आणि सहा महिन्यांनी मैयत आग्र्याला नेली. ताजमहाल सगळ्या जगाला ठाऊक आहे. ही पडकी जागा आपल्याकडच्यांनाही ठाऊक नाही. इथे उभे राहिल्यावर घरातल्या बायकांना इमारतीपेक्षा त्या चौदा बाळंतपणांचीच आठवण जास्त होते. आमच्या घरात तरी तेच झाले.

खाणे आणि जाणे

मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर रमजानमध्ये जी काळपट मावा जिलेबी मिळते, तिच्या पाटीवर बुऱ्हाणपूरचेच नाव असते. ती तिच्या मूळ गावी गरम खावी. रवा, साखर आणि तुपाचा दराबा घरी न्यायला बरा, टिकतो. आपल्याकडे खापरावर पुरणाचे मांडे होतात; इथे पुरणाशिवायचा, भला मोठा, पातळ मांडा गोश्ताच्या सालनाबरोबर खातात. केळी मात्र परतताना रावेर-सावद्याला घ्यावीत.

रेल्वेने जाणाऱ्यांनी धरणगावहून जळगाव किंवा भुसावळ गाठावे आणि खांडव्याकडे जाणारी गाडी धरावी. स्टेशन लालबाग भागात, जुन्या शहरापासून थोडे दूर आहे, रिक्षा मिळतात. मोटारीने चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर हा रस्ता सोपा. बुऱ्हाणपुरात मराठी, उर्दू, हिंदी तिन्ही चालतात. सोबत पाण्याची बाटली, टोपी किंवा ओढणी, बॅटरी आणि मुसल्ला असावा. दर्ग्यांत आणि मशिदीत जाण्याजोगे कपडे घालावेत.

एका सफरीत सारे उरकण्याची घाई करू नये. पहिल्यांदा जाणार असाल तर थंडीत जा, घरातल्या बुजुर्गांना घेऊन. दुसऱ्यांदा पुराची तापी पाहा. आणि मुले सहावी-सातवीत गेली की एकदा मे महिन्यात त्यांना कुंडी भंडाऱ्यात उतरवून आणा. घरी येऊन नळ घट्ट बंद करायला मग त्यांना सांगावे लागत नाही.