टॉन्सिल, लसिका ग्रंथी आणि मध्यकर्णाचे विकार : परस्परसंबंध व शैक्षणिक परिणाम

प्रस्तावना :
घसा, मान आणि कान यांचे विकार स्वतंत्र मानले जात असले, तरी बालवयात ते बहुधा एकमेकांच्या सोबतीनेच उद्भवतात. प्रस्तुत लेखात या विकारांतील संबंधाचा आणि त्यांच्या शैक्षणिक परिणामांचा थोडक्यात विचार करण्यात आला आहे.

रचना व कार्य :
नाकातोंडावाटे शिरणाऱ्या जंतूंना प्रथम घशातील लसिकाभ ऊतींचे कडे अडविते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांच्या नावाने ते ओळखले जाते. टॉन्सिल आणि नाकाच्या मागील ॲडेनॉइड हे त्याचे प्रमुख घटक होत. येथील लसिकाद्रव मानेतील ग्रंथींमध्ये गाळला जातो. म्हणूनच टॉन्सिल सुजले की जबड्याच्या कोनाखाली दुखरी गाठ हाताला लागते. बोलीत तिला अवधाण म्हणतात. ही गाठ बहुधा प्रतिकाराचे लक्षण असते. तथापि ती काही आठवडे टिकल्यास अथवा वाढत गेल्यास क्षयरोगादी कारणांसाठी तपासणी आवश्यक ठरते.

मध्यकर्णाशी संबंध :
मध्यकर्ण हा युस्टेशियन नलिकेने नाकाच्या मागील भागाशी जोडलेला असतो. प्रौढांत ही नलिका सुमारे ३६ मिलिमीटर लांब व तिरपी असते. बालकांत ती आखूड व बरीचशी आडवी असते. तिच्या मुखाजवळील ॲडेनॉइड वाढल्यास हवेचा मार्ग रोखला जातो, मध्यकर्णातील दाब घटतो आणि तेथे द्रव साचतो. यात कान वाहत नाही, फारसा दुखतही नाही. याउलट, केवळ टॉन्सिलच्या दाहातही कान दुखू शकतो; कारण दोहोंची संवेदना वाहणारी चेता एकच असते.

शैक्षणिक परिणाम :
साचलेल्या द्रवामुळे ऐकण्याची क्षमता साधारणतः २५ ते ३० डेसिबलने घटते. हा बहिरेपणा कमीअधिक होत राहतो. काल ऐकलेले मूल आज ऐकत नाही, तेव्हा शिक्षकास ते सोंग वाटते आणि मुलावर ‘मंद’ वा ‘दुर्लक्ष करणारा’ असा शिक्का बसतो.

उपचार :
बहुतेक मुलांतील द्रव ३ महिन्यांत आपोआप ओसरतो. न ओसरल्यास आणि ऐकू कमी येत असल्यास कर्णपटलात बारीक नळी बसविणे किंवा ॲडेनॉइड काढणे यांचा विचार होतो. टॉन्सिल काढण्यासाठी एका वर्षात किमान ७ वेळा, अथवा सलग २ वर्षे दरवर्षी ५ वेळा तीव्र दाह होणे, हा प्रचलित निकष आहे. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे झालेल्या दाहात प्रतिजैविकांचा क्रम अर्धवट सोडल्यास संधिवातज्वर होऊन हृदयाच्या झडपांना इजा पोहोचू शकते. फुटलेल्या कानात तेल घालणेही घातक होय.

समारोप :
भारतात २००६-०७ पासून बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तथापि, मुलाचे न ऐकणे प्रथम लक्षात येते ते वर्गात. त्यामुळे शिक्षक-प्रशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांनी या लक्षणांची ओळख भावी शिक्षकांस करून देणे अगत्याचे आहे. शिक्षेपूर्वी श्रवणतपासणी हा संकेत रुजल्यास अनेक मुलांवरील अन्याय टळेल.