पडद्यावरची जान्हवी, पाळण्यातली जान्हवी

१९८४ साली आलेल्या ‘स्प्लॅश’ या अमेरिकी चित्रपटात एक जलपरी न्यूयॉर्कमध्ये येते. तिचं मूळ नाव माणसांच्या कानांना सोसवणारं नसतं, म्हणून ती दुसरं शोधते. चालता चालता मॅडिसन अव्हेन्यू या रस्त्याचं नाव तिला आवडतं. हे काही नाव नव्हे, असं टॉम हँक्सचा नायक तिला सांगून पाहतो. त्याचं चूक नव्हतं. लोकांना मॅडिसन माहीत होतं ते आडनाव म्हणून, चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचं. पण पुढच्याच वर्षी ते अमेरिकेतल्या नवजात मुलींच्या पहिल्या हजार नावांत आलं आणि २००१ साली दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. तिथलं सामाजिक सुरक्षा खातं १८८०पासूनच्या नावांचे आकडे जाहीर करतं, म्हणून हा प्रवास वर्षागणिक पाहता येतो.

असं उदाहरण दिसलं की आईबाप पडद्यामागे आंधळेपणाने धावतात, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. त्याच आकड्यांत मेरिलिनची गोष्टही आहे. नॉर्मा जीनने १९४६ साली मेरिलिन मन्रो हे नाव घेतलं, तेव्हा मेरिलिन घरोघरी होतंच. त्याचा बहर १९३०च्या दशकातला. पुढे मन्रो जगभर गाजत असताना त्या नावाच्या मुली मात्र कमी कमी होत गेल्या. शर्ली टेंपलच्या लोकप्रियतेच्या ऐन भरात, १९३५ साली, अमेरिकेत ४२ हजारांहून अधिक मुलींचं नाव शर्ली ठेवलं गेलं; पण ते नावही ही छोटी नटी प्रसिद्ध होण्याआधीपासून चढणीला लागलं होतं. स्टॅन्ली लीबरसन या समाजशास्त्रज्ञाने ‘अ मॅटर ऑफ टेस्ट’ या २००० सालच्या पुस्तकात हेच मांडलं: कित्येकदा नाव आधीच वर येत असतं आणि श्रेय पडद्याला मिळतं.

मग पडदा करतो तरी काय? तो नाव कानांवर घालतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं, की २००५च्या कॅटरिना वादळानंतर ‘क’च्या उच्चाराने सुरू होणारी नावं सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली. विध्वंस करणाऱ्या वादळाचं कौतुक कुणालाच नव्हतं. पण बातम्यांमधून तो उच्चार सतत ऐकू येत राहिला आणि त्याच्या आसपासची नावं ओळखीची वाटू लागली.

हे वाचलं आणि मला आपल्या मालिका आठवल्या. चित्रपट तीन तासांत संपतो. मालिकेतली सून मात्र रोज रात्री, ताटं वाढायच्या वेळी, घरात येते. २०१३च्या जुलैत ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली. तेजश्री प्रधानच्या जान्हवीला नवरा हाक मारणार, सहा सासवा हाक मारणार, आणि हे अडीच वर्षं चालणार. पोटुशी बाई त्या काळात आपल्या बाळासाठी नाव शोधत असेल, तर हे नाव तिच्या जिभेवर आपसूक बसणार.

तरीही जिभेवरून पाळण्यात जायला नावाला बऱ्याच चाळण्यांतून जावं लागतं. उत्तराषाढा नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं भे, भो, जा, जी. बाळ तिसऱ्या चरणावर जन्मलं, की गुरुजी ‘जा’ सांगतात. मग आजी, मावशी, काकू फोनवर यादी काढून बसतात: जाई, जान्हवी, जास्वंदी. आजीला जान्हवी पटते, कारण ते गंगेचं नाव. आईला पटते, कारण ती रोज भेटणारी जान्हवी सोशिक आणि ठाम आहे. बापाला आडनावापुढे म्हणून बघायचं असतं, तेही जमतं. बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते तेव्हा त्या नावावर घरातल्या सगळ्यांची संमती असते, मालिका त्यांतली एक. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या शनायाला ही सोय नव्हती. आजीच्या कानाला ते नाव परकं, आणि कथेत ती दुसरीचा संसार मोडायला आलेली.

वयाचाही हिशेब असतो. ‘सैराट’ने २०१६ साली आर्ची घराघरांत नेली. पण आर्ची म्हणजे अर्चना, आपल्या आत्या-मावश्यांच्या वर्गात बाकाबाकावर बसलेली. इतक्या जवळच्या पिढीचं नाव बाळाला जुनाट वाटतं. आजीच्या, पणजीच्या पिढीचं मात्र पुन्हा कोवळं वाटू लागतं. २०१२ साली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मध्ये मुक्ता बर्वेची राधा आली, ‘उंच माझा झोका’मध्ये रमा आली. ही दोन्ही नावं आपल्याच माजघरातली होती. मालिकांनी ती धूळ झटकून समोर ठेवली, आणि मला हे मालिकांचं फार मोलाचं काम वाटतं.

हिंदी नायकांचं थोडं वेगळं. ‘जंजीर’, ‘दीवार’, ‘त्रिशूल’मधला विजय असो की शाहरुखचा राहुल, त्यांच्या आडनावाने प्रेक्षकाला फारसा फरक पडत नाही. त्यामुळे ती नावं कुठल्याही प्रांतात, कुठल्याही जातीत खपून जातात.

या सगळ्यात मुलाच्या वाट्याला काय येतं, ते जर्मनीतल्या केविनवरून कळतं. १९९१च्या सुरुवातीला तिथे ‘होम अलोन’ झळकला. त्यातल्या एकट्या राहिलेल्या, हुशार मुलाचं नाव केविन. त्या वर्षी जर्मनीत मुलग्यांच्या नावांत केविन पहिलं आलं. पुढे तेच नाव कमी शिकलेल्या घरांची खूण समजलं जाऊ लागलं. २००९ साली ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या एका पाहणीत अनेक प्राथमिक शिक्षकांनी केविनचा संबंध दंगेखोरपणाशी आणि कच्च्या अभ्यासाशी जोडला. एकाने तर ते नाव म्हणजे आजाराचं निदान असल्याचं लिहिलं.

मला याचा राग येतो, कारण हजेरीपट उघडला की आपल्याकडेही हेच होतं. शनाया, मायरा, कियान वाचलं, की घर कसं असेल, आई दिवसभर काय बघत असेल, याचे अंदाज बांधले जातात. सहा वर्षांची पोर बाकावरून ‘हजर’ म्हणते तेव्हा तिने ती मालिका पाहिलेलीसुद्धा नसते.