शुक्रवारचं पापलेट

ठाण्याच्या किंवा कल्याणच्या मासळी बाजारात मार्च महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी सकाळी उभं राहिलं की एक गंमत दिसते. गळ्यात क्रूस घातलेली एखादी बाई पापलेटाचे कल्ले उघडून पाहते, भावावरून घासाघीस करते आणि शेवटी दोन पापलेटं पिशवीत टाकते. घरी उपास आहे. उपासाला मटण नाही, चिकन नाही, मासे चालतात. म्हणजे आठवडाभर डाळभातावर निभावणारं घर उपासाच्या दिवशी पापलेट खातं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही फक्त साबुदाण्याच्या खिचडीपुरती नाही.

बाईचं काहीच चुकत नाही. नियम तसाच आहे आणि तो फार दुरून आला आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या डोमिनिकन पंडिताने मासे का चालतात याची मीमांसा केली. जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्यांचं मांस माणसाला अधिक सुखावतं, अधिक पोसतं, म्हणून ते सोडायचं. माशांत तेवढी गोडी नाही, असा त्यांचा एकंदर युक्तिवाद. युरोपातल्या खारवलेल्या माशाबद्दल तो खरा असेलही. अक्विनास यांनी ठाण्याच्या खाडीकाठी बसून तळलेलं पापलेट खाल्लं असतं, तर त्यांनी हा मुद्दा नक्कीच पुन्हा तपासला असता.

हे पापलेट डोक्यात घेऊनच मी उपवासकाळाकडे पाहायला लागलो. नियम पाळूनही ज्याची झळ लागत नाही, त्या उपासाला खोली कुठून येते? ठाणे-कल्याणच्या ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाची उत्तरं एकाहून अधिक आहेत, आणि ती फार जुनी आहेत.

चाळिसाचा हिशोब

इंग्रजीत ‘लेंट’, मराठी कॅथलिकांच्या बोलण्यात ‘उपवासकाळ’ किंवा ‘प्रायश्चित्तकाळ’. त्याची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित करून घरी नेलेल्या झावळ्या वाळतात, त्या जाळून राख करतात आणि तिचा क्रूस कपाळावर लागतो. तिथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात ४६. मधले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपास नाही. उरतात ४०. येशूने रानात काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण. इसवी सन ३२५ च्या नायसिया परिषदेच्या नियमांतही या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो.

या काळात मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रं असतात. ‘आलेलुया’ म्हटलं जात नाही. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट होते. भिंतीवर चौदा स्थानं असतात आणि येशूच्या मरणदंडापासून कबरीपर्यंतच्या प्रवासात प्रत्येक स्थानापाशी थांबून लोक गुडघे टेकतात.

आणि कडक उपास? पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये उपासाचे नियम बरेच सैल केले. आज लॅटिन पंथाच्या कॅथलिकांना सक्तीचे उपास वर्षात दोनच: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तेही वयाच्या अठराव्या वर्षापासून साठीला लागेपर्यंत. त्या दिवशी एकदा पोटभर जेवण आणि दोनदा थोडकं खाणं. शुक्रवारी मांस वर्ज्य, तो नियम चौदा वर्षांपासून पुढच्यांना. एवढंच. बाकीच्या दिवसांत काय सोडायचं, काय धरायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. कायद्याने मागणी कमी केली आणि जबाबदारी माणसावर टाकली. शिस्त सोपी झाली तसा उपास अवघड झाला, असंही म्हणता येईल.

२०२५ साली राखेचा बुधवार ५ मार्चला होता. रमजानही त्याच आठवड्यात, २ मार्चला सुरू झालेला. पुढे १४ तारखेला धुळवड आली, नेमकी शुक्रवारी. शेजारून आलेला मटणाचा डबा आणि उपासाचा शुक्रवार एकाच टेबलावर! अशा वेळी डबा परत करायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा, की शेजारधर्म मोठा मानून दोन घास खायचे? उपवासकाळातले खरे प्रश्न असेच असतात. ते ग्रंथांतून येत नाहीत, जिन्यावरून येतात.

ठाणे, एप्रिल १३२१

ठाण्याचं नाव ख्रिस्ती जगात पोचलं ते एका उपवासकाळामुळेच. चार फ्रान्सिस्कन साधू चीनला जायला निघाले होते: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. त्यांचं जहाज ठाण्याला लागलं. इथे त्यांना आसरा मिळाला तो नेस्तोरियन, म्हणजे पूर्व सिरियाक परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबांत. थोड्याच काळाने इथे येऊन गेलेला ओदोरिक हा प्रवासी सांगतो की ठाण्यात अशी पंधरा घरं होती. साधूंना काझीसमोर उभं केलं गेलं, धर्मावरून वाद झाला आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या हुकमाने तिघांना ९ एप्रिल १३२१ रोजी मारण्यात आलं. पीटरला दोन दिवसांनी.

तारखांचा हिशोब मांडून पाहिला. त्या वर्षी ईस्टर १९ एप्रिलला होता. म्हणजे ९ एप्रिल हा झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा गुरुवार. उपवासकाळाचे शेवटचे दिवस. सोबतीला आलेला जॉर्डन हा डोमिनिकन साधू, अक्विनासच्याच संघातला, तेव्हा ठाण्यात नव्हता. परत आल्यावर त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओदोरिकने त्या अस्थी उकरून चीनपर्यंत नेल्या. १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी तोलेंतिनोच्या थॉमसला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

मला या कथेत हौतात्म्याइतकीच ती पंधरा घरं महत्त्वाची वाटतात. त्या घरांमागे मठ नव्हता की फौज नव्हती. अनोळखी पाहुण्यांना त्यांनी उपासाच्या दिवसांत घरात घेतलं. दारात आलेल्याला जागा देणं ही उपवासकाळाची सगळ्यात जुनी साधना असावी, आणि ठाण्यात तिची नोंद सातशे वर्षांपूर्वीची आहे.

कल्याणचा सोमवार

कल्याणची कथा आणखी मागे जाते. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ नावाच्या ठिकाणी पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं नोंदवलं. काही अभ्यासक ही जागा मलबारात शोधतात. अनेकांच्या मते ती आपलं बंदरी कल्याणच. ३० एप्रिल १९८८ रोजी रोमने सिरो-मलबार पंथीयांसाठी, म्हणजे केरळातल्या पूर्व सिरियाक परंपरेच्या कॅथलिकांसाठी इकडे वेगळा धर्मप्रांत स्थापन केला, तेव्हा त्याला नाव दिलं ते कल्याणचं. पूर्व सिरियाक परंपरा रेल्वे, कारखाने आणि रुग्णालयांतल्या नोकऱ्यांच्या वाटेने केरळातून पुन्हा उल्हास नदीकाठी आली होती.

या परंपरेत राखेचा बुधवार नाहीच. त्यांचा ‘वलिय नोंबु’, म्हणजे मोठा उपास, सोमवारी सुरू होतो आणि राखही सोमवारीच लागते. २०२५ मध्ये तो दिवस ३ मार्च होता. डोंबिवलीच्या एकाच इमारतीत एका मजल्यावर सोमवारी उपवासकाळ सुरू होतो, दुसऱ्यावर बुधवारी. रविवारही वगळत नाहीत, म्हणून त्याला पन्नास दिवसांचा उपास म्हणतात. जुन्या रीतीप्रमाणे मांसाबरोबर मासे, अंडी, दूधही बंद. इथे पापलेटाची पळवाट उरत नाही.

मात्र या कडक उपासाच्या पोटात गोडवाही आहे. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी मल्याळी ख्रिस्ती घरांत कोळुक्कट्टा करतात: तांदळाच्या उकडीत गूळखोबऱ्याचं सारण. डोंबिवलीच्या कुठल्याही काकू तो पाहून म्हणतील, हा तर आमचा मोदक, फक्त पाकळ्या नाहीत! पवित्र गुरुवारी रात्री घरात बेखमीर ‘पेसहा अप्पम’ होतो. त्यावर झावळीच्या पात्यांचा क्रूस ठेवतात. घरातला वडीलधारा प्रार्थना करून तो मोडतो आणि नारळाचं दूध व गुळाच्या पेयाबरोबर सगळ्यांना वाटतो. त्या रात्री जेवणाचं टेबलच वेदी होतं. हा विधी चर्चमधला नाही, घरातला आहे, आणि म्हणूनच तो लेकरांच्या लक्षात राहतो.

कानातून आत

मराठी ख्रिस्ती घरांनी उपवासकाळाला खोली दिली ती मात्र ओवीने.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. लोकांची पुराणं ऐकण्याची आवड त्याने पाहिली आणि तिची भाषा उचलली. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, रोमन लिपीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. १६४९ आणि १६५४ मध्येही ते छापलं. मराठी ओवीत बायबलची कथा, स्वर्गाला ‘वैकुंठ’ हा शब्द. पानं डोळ्यांसाठी नव्हती. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

उत्तर कोकणाला स्वतःचं पुराण मिळालं ते १६५९ मध्ये. फ्रान्सिस्कू वाझ द गिमाराइश या फ्रान्सिस्कन साधूने ख्रिस्ताच्या दुःखभोगावर रचलेलं हे काव्य लिस्बनमध्ये छापलं गेलं. त्याची भाषा स्टीफन्सइतकी घोटीव नाही. वसई, साष्टी, ठाणे इथल्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडची मराठी आहे. उपवासकाळात ते गाऊन वाचण्याची रीत इकडे पडली आणि एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत पुन्हा छापावं लागलं.

ही रीत का टिकली याचं एक कारण इतिहासात आहे. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई घेतली. युरोपीय धर्मगुरू गेले. मागे थोडे देशी पाद्री उरले. मठ ओस पडले. अशा काळात ज्याला पुराण वाचता येतं तो शेजारी, ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या म्हाताऱ्या, हाच लोकांचा आधार असणार. देऊळ दूर गेलं की पारायण जवळ येतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आणखी एक धागा कल्याणातून जातो. १८६१ मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळकांच्या शालेय वयाची काही वर्षं कल्याणात गेली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अभंग आणि कीर्तन या घरच्याच वाटांनी ते ख्रिस्ताविषयी बोलत राहिले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. टिळक प्रॉटेस्टंट, गिमाराइश फ्रान्सिस्कन, स्टीफन्स जेझुइट. पंथ वेगळे, शतकं वेगळी. पण तिघांनाही एक कळलं होतं: दुःखाची कथा मराठी माणसाच्या आत उतरते ती उपदेशाने नव्हे, लयीने.

लोकलमधला उपास

आता संध्याकाळी दिव्याभोवती पुराण ऐकायला वेळ कुणाला आहे? डोंबिवलीचा माणूस सकाळची लोकल पकडतो आणि घरी येतो तेव्हा क्रुसाची वाट संपलेली असते. पण साधनेच्या जागा बदलतात, साधना संपत नाही. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन कुणी डब्यात चढतं. त्याच दिवशी चर्चमध्ये वाचलेला मत्तयच्या शुभवर्तमानाचा उतारा मात्र सांगतो की उपास लोकांना दाखवू नका, तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून हिंडा. राख दाखवायची की पुसायची? ही विसंगती चर्चने मुद्दाम ठेवली असावी असं मला वाटतं. राख इतरांसाठी नाही. आरशात स्वतःला दिसावी म्हणून आहे.

त्याच शुभवर्तमानात तीन गोष्टी एकत्र येतात: दानधर्म, प्रार्थना, उपास. त्यातली एक सुटली की उरलेल्या दोन लंगड्या होतात. दानाशिवाय उपास म्हणजे डाएट. प्रार्थनेशिवाय उपास म्हणजे चिडचिड, आणि ती घरच्यांना सोसावी लागते. दुसऱ्या शतकातल्या ‘हेर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात एक साधा हिशोब सांगितला आहे: उपासाच्या दिवशी भाकरी-पाण्यावर राहायचं, एरवी जेवायला किती खर्च झाला असता ते मोजायचं आणि तेवढं विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायचं. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिस्सेत यशयाचा जो उतारा वाचतात, त्याचा रोखही तोच आहे: जुलमाच्या बेड्या सोडणं आणि भुकेल्याला आपल्या घासात वाटेकरी करणं हाच देवाला मान्य असलेला उपास. भारतात कारितास इंडिया ही संस्था दर उपवासकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालवते, तीही याच विचारावर.

म्हणजे सोडणं हे निम्मंच काम. सोडलेल्याची किंमत कुणाच्या तरी ताटात पोचली पाहिजे. तेव्हाच रिकाम्या पोटाला दिशा मिळते.

तर पुन्हा बाजारात. शुक्रवार, सकाळ, पापलेटाची टोपली. कोळीण भाव सांगते. बाई कल्ले उघडून पाहते, पापलेट परत ठेवते आणि शेजारच्या वाट्यातले बोंबील घेते. नियमाने दोन्हीही चालतं. पण दोन भावांमध्ये जो फरक पडतो, तो ती पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवते. रविवारी चर्चच्या पेटीत टाकायला, किंवा जिन्याखाली राहणाऱ्या त्या म्हातारीला द्यायला. कुणाला सांगायचं नाही. घरी विचारलं तर म्हणायचं, आज पापलेट चांगलं नव्हतं.